न्यायमूर्ती काशिनाथ त्र्यंबक तेलंग : ग्रंथार्थ, न्याय आणि तडजोड

१. प्रास्ताविक

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील महाराष्ट्राच्या वैचारिक इतिहासात काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांचे नाव बहुधा रानडे आणि भांडारकर यांच्या जोडीने घेतले जाते. या जोडनामापलीकडे मात्र त्यांचा स्वतंत्र विचार फारसा झालेला नाही. त्यांना आयुष्य लाभले अवघे त्रेचाळीस वर्षांचे. १८५० च्या ऑगस्टमध्ये मुंबईत त्यांचा जन्म झाला आणि १ सप्टेंबर १८९३ रोजी मुंबईतच त्यांचे निधन झाले. एवढ्या अवधीत सतरा वर्षे त्यांनी उच्च न्यायालयात वकिली केली आणि सुमारे चार वर्षे त्याच न्यायालयाचे न्यायाधीशपद भूषविले. भगवद्गीतेचे पद्य व गद्य अशी दोन इंग्रजी भाषांतरे, संस्कृत ग्रंथांच्या चिकित्सक आवृत्त्या, रामायणाविषयीचा वादनिबंध, मराठ्यांच्या बखरींवरील लेख, एका जर्मन नाटकाचे मराठी रूप आणि राजकीय व सामाजिक प्रश्नांवरील व्याख्याने हे त्यांचे लेखनकार्यही याच काळातील आहे.

या सर्वांची नोंद चरित्रकार सामान्यतः बहुमुखी व्यासंग या एका सदराखाली करतात. ते खरे असले, तरी पुरेसे नाही. तेलंगांच्या वकिलीत, संशोधनात, न्यायदानात आणि समाजकारणात एकच मनोवृत्ती काम करीत होती. समोर आलेल्या वचनाचा काळ ठरवावा, त्याची पाठभेदांसह व संदर्भासह छाननी करावी, विरोधी वचनांचा शक्य तेथवर मेळ घालावा आणि मगच निर्णय द्यावा, ही त्यांची रीत होती. ग्रंथाच्या क्षेत्रात या रीतीने त्यांना निर्भय केले. समाजाच्या आणि घराच्या क्षेत्रात तिनेच त्यांना सावध केले, प्रसंगी दुबळेही केले. त्यांच्या चरित्रातील खरा प्रश्न हाच आहे, आणि त्याचा उलगडा त्यांच्या वकिलीपासून न्यायपीठापर्यंतच्या वाटचालीतच शोधावा लागतो.

२. घडण

वयाच्या पाचव्या वर्षी तेलंगांचे शिक्षण अमरचंद वाडीतील मराठी शाळेत सुरू झाले. १८५९ मध्ये ते एल्फिन्स्टन हायस्कुलात दाखल झाले. तेथे त्यांना नारायण महादेव परमानंद हे शिक्षक लाभले. पुढे मामा परमानंद या नावाने महाराष्ट्राला परिचित झालेले हे गृहस्थ करारी स्वभावाचे आणि स्वतंत्र बुद्धीचे होते. गुरुशिष्याच्या या नात्याचे कालांतराने निकटच्या स्नेहात रूपांतर झाले आणि तो स्नेह अखेरपर्यंत टिकला. विद्यार्थिदशेतच तेलंगांनी संस्कृत विषयातील भगवानदास शिष्यवृत्ती मिळविली. पुढे त्यांनी एम. ए. व एलएल. बी. या पदव्या घेतल्या आणि काही काळ ते एल्फिन्स्टन कॉलेजात फेलो होते.

मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ ची. तेलंग हे त्या विद्यापीठाच्या पहिल्या पिढ्यांचे फळ. या पिढीपुढे दोन ज्ञानपरंपरा एकाच वेळी उभ्या होत्या. एकीकडे इंग्रजी न्यायशास्त्र, मिलचे अर्थशास्त्र आणि युरोपीय प्राच्यविद्या, तर दुसरीकडे पाठशाळेतील शास्त्रपरंपरा. बहुतेकांनी यांपैकी एकीला प्रमाण मानून दुसरीला गौण ठरविले. तेलंगांनी दोन्हींना साक्षीदाराच्या जागी बसविले. दोघींचीही उलटतपासणी करण्याची त्यांची तयारी होती, हे त्यांच्या पुढील कार्यावरून दिसून येते.

३. मूळ शाखेतील वकील

मुंबईचे उच्च न्यायालय १८६२ मध्ये स्थापन झाले, तेव्हा त्यात पूर्वीच्या दोन भिन्न न्यायसंस्थांचा वारसा एकत्र आला. जुन्या सुप्रीम कोर्टाचे काम मूळ शाखेकडे आले, तर सदर अदालतीचे काम अपील शाखेकडे आले. अपील शाखेत हिंदी वकिलांना वाव होता. मूळ शाखा मात्र विलायतेहून आलेल्या बॅरिस्टरांची मिरास होती. इंग्लंडला न जाता, केवळ न्यायाधीशांनी घेतलेली परीक्षा उत्तीर्ण होऊन या शाखेत प्रवेश मिळविणारे पहिले हिंदी गृहस्थ म्हणजे बाळ मंगेश वागळे. तेलंगांनी वागळ्यांचाच मार्ग पत्करला आणि १८७२ मध्ये अ‍ॅडव्होकेट म्हणून त्यांची नोंद झाली. त्या वेळी त्यांचे वय सुमारे बावीस वर्षांचे होते.

मूळ शाखेत जम बसविणे सोपे नव्हते. तेथे पक्षकार थेट वकिलाकडे येत नसे. सॉलिसिटरने काम दिले तरच वकिलाला उभे राहता येई. मुंबईतील व्यापारी घराण्यांचे आणि पेढ्यांचे मोठे दावे याच शाखेत चालत. अशा ठिकाणी तेलंगांना अल्पावधीत मोठी वकिली मिळाली, याची दोन कारणे होती. एक म्हणजे त्यांचे इंग्रजीवरील प्रभुत्व. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. ते हिंदू कायद्याच्या तत्कालीन अवस्थेशी निगडित होते.

१८६४ पूर्वी कंपनी सरकारच्या न्यायालयांत हिंदू कायद्याच्या प्रश्नांवर शास्त्र्यांचे मत घेण्याची पद्धत होती. त्या वर्षी न्यायालयांतील पंडितांची पदे रद्द झाली. हिंदू कायद्याचे ज्ञान न्यायाधीशाला असतेच, असे त्यानंतर गृहीत धरले जाऊ लागले. प्रत्यक्षात इंग्रज न्यायाधीशांचा भर कोलब्रुक आणि बोरॅडेल यांच्या भाषांतरांवर व पूर्वीच्या निकालांवर होता. वेस्ट व ब्यूलर यांच्या संग्रहाने शास्त्र्यांची जुनी उत्तरे संकलित केली होती, आणि विश्वनाथ नारायण मंडलिकांनी १८८० मध्ये व्यवहारमयूखाची मूळ संहिता व भाषांतर प्रसिद्ध केले. तरीही न्यायालयात उभे राहून मूळ संस्कृत वचन काढून दाखविणे, त्याचा अन्वय लावणे आणि भाषांतरकाराची चूक कोठे झाली हे सांगणे, ही गोष्ट फारच थोड्यांना साध्य होती. ती तेलंगांना सहज साधत असे. शास्त्र्याची जागा रिकामी झालेल्या न्यायालयात त्यांच्या रूपाने शास्त्राचे ज्ञान पुन्हा प्रविष्ट झाले, पण ते वकिलाच्या झग्यात आणि चिकित्सक पद्धतीने.

वकिलीत स्थिरावल्यावर त्यांना सरकारी नोकरीचे पाचारण आले होते. ते त्यांनी नाकारले. फिरोजशहा मेहता आणि बद्रुद्दीन तय्यबजी हे त्यांचे समव्यवसायी स्नेही होते. एक पारशी, एक मुसलमान व एक हिंदू असे हे वकिलांचे त्रिकूट पुढे दहाबारा वर्षे मुंबईच्या सार्वजनिक जीवनाचे सूत्रधार ठरले.

४. ग्रंथचिकित्सा

वकिलीचा आरंभ आणि संशोधनाचा आरंभ हे तेलंगांच्या आयुष्यात जवळजवळ एकाच वेळी झाले. जर्मन पंडित अल्ब्रेख्त वेबर यांनी १८७० मध्ये रामायणावर एक निबंध प्रसिद्ध केला. रामकथेचे मूळ बौद्ध दशरथजातकात आहे आणि सीतेचे हरण व लंकेचा वेढा हे भाग होमरच्या काव्यातील हेलनच्या हरणावरून व ट्रॉयच्या वेढ्यावरून सुचलेले असावेत, असे त्यांचे प्रतिपादन होते. १८७३ मध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षी, तेलंगांनी त्याला उत्तर दिले. दोन कथांत साम्य आढळले म्हणजे एक दुसरीवरून घेतली असे सिद्ध होत नाही. उसनवारी सिद्ध करावयाची तर संपर्काचा काळ, मार्ग आणि स्वतंत्र पुरावा दाखविला पाहिजे. हा त्यांच्या युक्तिवादाचा गाभा होता. सिद्धतेचा भार कोणावर आहे, हा वकिलाचा पहिला प्रश्न त्यांनी प्राच्यविद्येच्या दरबारात विचारला. पुढे त्यांनी रामायण पतंजलीच्या पूर्वीचे आहे, हेही महाभाष्यातील आधार देऊन दाखविण्याचा प्रयत्न केला.

भगवद्गीतेच्या बाबतीत हीच पद्धत दिसते. लोरिन्सर या जर्मन अभ्यासकाने गीतेवर ख्रिस्ती शुभवर्तमानांची छाया असल्याचे मत मांडले होते. तेलंगांनी १८७५ मध्ये गीतेचे इंग्रजी पद्यात भाषांतर केले आणि त्याच्या प्रस्तावनेत या मताचे सविस्तर खंडन केले. १८८२ मध्ये मॅक्स म्यूलर यांच्या पौर्वात्य धर्मग्रंथमालेच्या आठव्या खंडात त्यांचे गद्य भाषांतर प्रसिद्ध झाले. त्यात गीतेबरोबर सनत्सुजातीय आणि अनुगीता यांचाही समावेश आहे. गीतेची भाषा, छंद, वेदांविषयीची तिची भूमिका आणि जातिव्यवस्थेची तिच्यातील मांडणी या अंतर्गत पुराव्यांवरून त्यांनी तिचा काळ इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकाच्याही मागे नेला. त्यांचा हा कालनिर्णय सर्वांनी स्वीकारला असे नाही. पण श्रद्धेचा आधार न घेता केवळ पुराव्याच्या बळावर युरोपीय पंडितांशी समान पातळीवर वाद करणारा हिंदी अभ्यासक म्हणून या भाषांतराने त्यांचे स्थान निश्चित केले.

मुंबई संस्कृत ग्रंथमालेसाठी त्यांनी भर्तृहरीची नीती व वैराग्य ही शतके १८७४ मध्ये, आणि विशाखदत्ताचे मुद्राराक्षस १८८४ मध्ये संपादित केले. मुद्राराक्षसाच्या भरतवाक्यात राजाच्या नावाचे पाठभेद आहेत. काही हस्तलिखितांत चंद्रगुप्त, तर काहींत अवंतिवर्मा असा पाठ मिळतो. नाटकाचा काळ या एका शब्दावर अवलंबून आहे. तेलंगांनी निरनिराळ्या हस्तलिखितांची साक्ष तोलून अवंतिवर्मा या पाठाला महत्त्व दिले आणि त्यावरून नाटकाचा काळ सातव्या-आठव्या शतकाच्या आसपास आणला. विशाखदत्ताचा काळ अद्यापही वादग्रस्त आहे. शंकराचार्यांना सहाव्या शतकात नेणारे तेलंगांचे मतही पुढील अभ्यासकांनी मान्य केले नाही. या मर्यादा लक्षात घेऊनही त्यांच्या संपादनपद्धतीचे मूल्य कमी होत नाही. प्रत्येक निष्कर्षामागचा पुरावा त्यांनी वाचकापुढे मांडून ठेवला. त्यामुळे त्यांचे मत खोडून काढणाऱ्यालाही त्यांच्याच सामग्रीचा उपयोग करता आला.

मराठी वाचकाच्या दृष्टीने त्यांचा बखरींवरील इंग्रजी लेख विशेष मोलाचा आहे. रानडे यांच्या मराठी सत्तेच्या उत्कर्षावरील १९०० मधील ग्रंथाला तो परिशिष्ट म्हणून जोडलेला आहे. बखरी म्हणजे भाकडकथा, ही तत्कालीन समजूत बाजूस सारून तेलंगांनी त्यांतून मराठेशाहीतील धर्मव्यवहार, जातिनिर्बंध, प्रायश्चित्ते आणि राजसत्तेचा धर्मविषयक अधिकार यांचे दाखले वेचले. शास्त्राचे वचन आणि लोकांचा आचार यांत नेहमीच अंतर होते आणि ते अंतर तत्कालीन समाजाने आपल्या सोयीने भरून काढले होते, हे या लेखातून स्पष्ट होते. हिंदू कायद्याच्या न्यायाधीशाला याहून उपयुक्त पूर्वतयारी क्वचितच मिळाली असेल.

५. सार्वजनिक जीवन आणि तडजोडीचा विचार

१८७७ मध्ये तेलंगांनी खुला व्यापार आणि संरक्षण या विषयावर हिंदी दृष्टिकोनातून व्याख्यान दिले आणि सरकारी अर्थनीतीला मिलच्याच तर्काने आव्हान दिले. १८८२ च्या शिक्षण आयोगाचे ते सदस्य होते आणि त्यांना सी. आय. ई. हा किताब मिळाला. इल्बर्ट विधेयकाच्या वादात, १८८३ मध्ये, टाउन हॉलमधील सभेत त्यांनी विधेयकाच्या बाजूने भाषण केले. १८८४ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळावर त्यांची नियुक्ती झाली. १८८८ चा मुंबई महानगरपालिकेचा कायदा आकारास येताना मेहतांबरोबर त्यांचाही वाटा होता. जानेवारी १८८५ मध्ये त्रिकुटाने बॉम्बे प्रेसिडेन्सी असोसिएशन स्थापन केली आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत भरलेल्या राष्ट्रसभेच्या पहिल्या अधिवेशनात कायदेमंडळांच्या सुधारणेविषयीच्या ठरावावर तेलंग बोलले.

याच सुमारास सामाजिक सुधारणेचा वाद ऐरणीवर आला होता. बेहरामजी मलबारी यांनी १८८४ मध्ये बालविवाह व सक्तीचे वैधव्य यांविषयीची टिपणे प्रसिद्ध केली होती. हिंदी लोकांनी आधी आपले घर सुधारावे आणि मग राजकीय हक्क मागावेत, असे सरकारधार्जिणे पक्ष म्हणू लागले होते. १८८६ मध्ये स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटीपुढे दिलेल्या व्याख्यानात तेलंगांनी या प्रश्नाचा परामर्श घेतला. सामाजिक सुधारणा राजकीय सुधारणेच्या आधीच झाली पाहिजे, हा नियम इतिहासाला मान्य नाही, असे त्यांचे म्हणणे होते. राजकारणात सामना बाहेरच्या सत्तेशी असतो आणि तिला युक्तिवादाने वळविता येते. समाजकारणात मात्र सामना आपल्याच माणसांच्या शतकानुशतकांच्या भावनेशी असतो. म्हणून जेथे विरोध कमी तेथून पुढे जावे आणि इतर कामेही सोडू नयेत, असा मार्ग त्यांनी सुचविला. सामाजिक विषयांतील तडजोडीवर त्यांनी मराठीतही निबंध लिहिला.

हा विचार म्हणजे केवळ भीरुता नव्हे. शास्त्रवचनांचा मेळ घालणाऱ्या मनाला समाजातील मतांचाही मेळ घालता येईल, असे वाटणे स्वाभाविक होते. परंतु वचन आणि माणूस यांत फरक आहे. पोथीतील वचन वाट पाहू शकते. बालवधूला अथवा विधवेला ते शक्य नसते. या फरकाची जाणीव करून देणारा खटला त्यांच्यासमोरच उभा होता. दादाजी भिकाजी यांनी आपली पत्नी रखमाबाई यांच्याविरुद्ध १८८४ मध्ये नांदावयास येण्यासाठी दावा लावला. त्यात रखमाबाईंच्या बाजूने उभ्या राहिलेल्या वकिलांत तेलंग होते. अजाणपणी झालेल्या विवाहाच्या आधारे जाणत्या स्त्रीवर सहवासाची सक्ती करता येते काय, हा मुद्दा होता. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्ही यांनी दावा फेटाळला. १८८६ मध्ये अपिलात तो निर्णय फिरला. १८८७ मध्ये न्यायालयाने रखमाबाईंना पतीकडे जाण्याचा अथवा सहा महिन्यांची कैद भोगण्याचा हुकूम केला. १८८८ मध्ये पैसे देऊन प्रकरण आपसांत मिटले आणि रखमाबाई पुढे वैद्यकीय शिक्षणासाठी इंग्लंडला गेल्या. नांदविण्याचा हा दावा हिंदू धर्मशास्त्रातून आला नव्हता. तो इंग्लंडच्या धर्मपीठीय कायद्यातून आला होता. ज्याला लोक सनातन म्हणत होते त्यातील पुष्कळसे परकीय आणि अर्वाचीन होते, हा धडा या खटल्याने दिला.

लेसिंगच्या नाटकाचे त्यांनी केलेले मराठी रूपांतर, शहाणा नेथन, याच वैचारिक पर्यावरणातील आहे. धर्मयुद्धांच्या काळातील जेरुसलेममध्ये घडणाऱ्या या नाटकाच्या मध्यभागी तीन अंगठ्यांची कथा आहे. बापाने तिघा मुलांना दिलेल्या एकसारख्या अंगठ्यांपैकी खरी कोणती, हा तंटा न्यायाधीशापुढे येतो. तो निकाल देण्याचे नाकारतो. प्रत्येकाने आपली अंगठी खरी असल्याचे आचरणाने दाखवावे आणि हजारो वर्षांनी आपल्याहून शहाणा न्यायाधीश त्याचा निर्णय करील, असे तो सांगतो. यहुदी, ख्रिस्ती आणि मुसलमान यांच्या सहिष्णुतेची ही कथा हिंदू, पारशी व मुसलमान यांच्या मैत्रीत वावरणाऱ्या वकिलाला जवळची वाटली असल्यास नवल नाही. नाट्यगुणांच्या दृष्टीने मराठी रंगभूमीवर तिचा ठसा उमटला नाही. एका पुढे न्यायाधीश होणाऱ्या लेखकाने निकाल लांबणीवर टाकणाऱ्या न्यायाधीशाची कथा मराठीत आणली, ही गोष्ट मात्र त्याच्या मनोघटनेवर प्रकाश टाकते.

६. न्यायपीठावर

मुंबईच्या उच्च न्यायालयातील पहिले कायम हिंदी न्यायाधीश नानाभाई हरिदास हे होते. त्यांच्या निधनानंतर १८८९ मध्ये त्यांच्या जागी तेलंगांची नेमणूक झाली. त्या वेळी लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलमध्ये हिंदी न्यायाधीश नव्हता. तो मान १९०९ मध्ये प्रथम अमीर अली यांना मिळाला. म्हणून उच्च न्यायालयाचे न्यायासन हीच १८८९ मध्ये हिंदी कायदेपंडिताला गाठता येणारी सर्वोच्च पायरी होती. एकोणचाळिसाव्या वर्षी तेलंग तेथे पोचले. त्यासाठी त्यांना भरघोस प्राप्तीची वकिली सोडावी लागली, आणि कायदेमंडळ व राष्ट्रसभा यांतील प्रत्यक्ष राजकारणालाही विराम द्यावा लागला. सर चार्ल्स सार्जंट हे तेव्हा मुख्य न्यायाधीश होते.

तेलंगांच्या निकालपत्रांचे महत्त्व प्रामुख्याने हिंदू कायद्याच्या क्षेत्रात आहे. मुंबई इलाख्यात मिताक्षरा आणि व्यवहारमयूख हे दोन्ही ग्रंथ प्रमाण होते. गुजरात, मुंबई बेट आणि उत्तर कोकणात मयूखाला विशेष मान होता, तर अन्यत्र मिताक्षरेचे प्राधान्य होते. या दोन ग्रंथांत विरोध दिसला तर काय करावे, हा नित्याचा प्रश्न होता. शक्य असेल तेथवर दोहोंचा समन्वय होईल असाच अर्थ करावा, हे तत्त्व तेलंगांनी स्पष्टपणे मांडले आणि पुढील न्यायाधीशांनी ते उचलून धरले. स्त्रीधनाच्या वारसाविषयीच्या वादात, मनिलाल रेवादत वि. बाई रेवा या १८९२ च्या खटल्यात, मयूखकाराने केलेला पारिभाषिक आणि इतर स्त्रीधनाचा भेद त्यांनी मूळ ग्रंथाच्या रचनेवरून उलगडून दाखविला. नीलकंठाचे एखादे वाक्य सुटे काढून न वाचता त्याच्या आधीचे व नंतरचे प्रकरण, त्याने कोणाचे मत खंडिले आणि कोणाचे स्वीकारले, हे सर्व ते तपासीत. मुद्राराक्षसाच्या संपादकाची नजर येथे न्यायाधीशाच्या कामी आली.

या समन्वयवादी न्यायाधीशाचे सर्वांत लक्षणीय निकालपत्र मात्र विरोधी मताचे आहे. आपाजी नरहर कुलकर्णी वि. रामचंद्र रावजी कुलकर्णी हा खटला १८९१ मध्ये पूर्णपीठापुढे आला. बाप आपल्या वडिलांशी अथवा भावांशी अविभक्त असताना, बापाची संमती नसतानाही मुलाला वडिलोपार्जित मिळकतीची वाटणी मागता येते काय, असा प्रश्न होता. बहुमताने नकारार्थी उत्तर दिले. बाप हयात आहे व संमती देत नाही, तोवर मुलाला दावा करता येणार नाही, असे ठरले. तेलंग एकटे वेगळ्या बाजूस उभे राहिले. मिताक्षरेने वडिलोपार्जित मिळकतीत मुलाला जन्मतःच स्वत्व दिले आहे. असे स्वत्व असूनही त्याला वाटणी मागता येत नाही, असा अपवाद मूळ ग्रंथात नाही, आणि जो अपवाद विज्ञानेश्वराने केला नाही तो न्यायालयाने निर्माण करू नये, या दिशेने त्यांचा युक्तिवाद गेला. अन्य काही उच्च न्यायालयांनी मुलाच्या हक्काचे हे मत स्वीकारले. मुंबईत मात्र बहुमताचा निर्णय दीर्घकाळ प्रमाण राहिला. असे असूनही हिंदू कायद्यावरील ग्रंथांत या प्रश्नाची चर्चा तेलंगांच्या विरोधी निकालपत्राला वळसा घालून पुढे जात नाही.

या मतातील आशय कायद्याच्या तपशिलापुरता नाही. अविभक्त कुटुंबातील ज्येष्ठांच्या इच्छेपुढे कनिष्ठाच्या स्वतंत्र हक्काला स्थान आहे, हे त्यांनी परंपरेच्याच मुखाने वदविले. सुधारक ज्या गोष्टीसाठी इंग्रजी विचारांचा आधार घेत, तिचे बीज विज्ञानेश्वरात आहे, असा याचा अर्थ होतो. सहकारी न्यायाधीश एका बाजूस असताना एकाकी मत नोंदविण्याचे धैर्य त्यांना ग्रंथाच्या निःसंदिग्ध वाचनाने दिले.

१८९२ मध्ये त्यांना आणखी दोन मान प्राप्त झाले. मुंबई विद्यापीठाचे ते कुलगुरू झाले आणि रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेचे अध्यक्ष म्हणून त्यांची निवड झाली. या दोन्ही पदांवर बसणारे ते पहिले हिंदी गृहस्थ होत.

७. संमतिवय आणि घर

१८९० साली बंगालमध्ये फुलमणी या बालवधूच्या मृत्यूने संमतिवयाच्या प्रश्नाला तीव्रता आली. वैवाहिक संबंधातही मुलीचे संमतिवय दहावरून बारा वर्षांवर नेणारे विधेयक सरकारने मांडले. गर्भाधान संस्काराला बाध येतो, म्हणून टिळक आदींनी त्याला कडाडून विरोध केला. भांडारकरांनी धर्मशास्त्राच्या आधारे विधेयकाचे समर्थन केले. न्यायाधीशपदी असलेल्या तेलंगांचे मतही विधेयकाला अनुकूल होते. मार्च १८९१ मध्ये कायदा झाला. पाच वर्षांपूर्वी कमी विरोधाच्या मार्गाचा पुरस्कार करणाऱ्या विचारवंताने येथे प्रखर विरोध असलेल्या बाजूला आपले वजन टाकले. रखमाबाईंच्या खटल्याचा अनुभव यामागे असावा, असे मानण्यास जागा आहे.

त्यानंतर दोनच वर्षांनी, १८९३ मध्ये, याच तेलंगांनी आपल्या मुलीचा विवाह तिच्या बालवयात होऊ दिला. घरातील मताला त्यांनी मान दिला, असे त्याचे स्पष्टीकरण करण्यात येते. सुधारकांच्या वर्तुळात या घटनेने खेद उत्पन्न झाला आणि सनातन्यांना टीकेचे साधन मिळाले. काही महिन्यांतच तेलंगांचे निधन झाल्याने या प्रश्नावर पुढे त्यांच्या हातून काही घडण्याची शक्यताही संपली.

या घटनेकडे पाहण्याच्या दोन सोप्या रीती आहेत. एक तिला ढोंग म्हणते, दुसरी तिला व्यक्तिगत बाब म्हणून वगळते. दोन्हींनी अर्थबोध होत नाही. उक्ती आणि कृती यांतील हे अंतर त्या पिढीत एकट्या तेलंगांचे नव्हते. विधवाविवाहाचे पुरस्कर्ते रानडे यांनीही १८७३ मध्ये वडिलांच्या आग्रहापुढे नमून अकरा वर्षांच्या कुमारिकेशी विवाह केला होता. तेलंगांच्या बाबतीत विसंगती अधिक बोचते, कारण अविभक्त कुटुंबातील व्यक्तीच्या हक्काचा निवाडा त्यांनी स्वतः दिला होता. न्यायासनावर त्यांनी मुलाला बापाच्या इच्छेविरुद्ध उभे राहण्याचा अधिकार मान्य केला. स्वतःच्या घरात कुटुंबाच्या इच्छेविरुद्ध उभे राहणे त्यांना जमले नाही. आणि ज्या मुलीच्या वतीने उभे राहावयाचे, तिला न्यायालयातील पक्षकारासारखे स्वतःचे म्हणणे मांडण्याची सोय नव्हती.

तेलंगांच्या समन्वयपद्धतीची मर्यादा येथे उघड होते. समन्वय करताना उपलब्ध असलेल्या सर्व वचनांना स्थान मिळते, परंतु जे बोललेच गेले नाही त्याला स्थान मिळत नाही. ग्रंथ, टीका, रूढी, पूर्वनिर्णय यांना आवाज होता. घरातील वडीलधाऱ्यांना आवाज होता. बालिकेला तो नव्हता. रखमाबाई बोलल्या, म्हणून त्यांची बाजू घेता आली.

८. समारोप

तेलंगांच्या निधनाने रिकाम्या झालेल्या न्यायासनावर १८९३ मध्येच महादेव गोविंद रानडे यांची नेमणूक झाली. त्यामुळे एकाच परंपरेचे दोन विचारवंत लागोपाठ त्या पीठावर आले. रानड्यांच्या विस्तृत कार्याच्या छायेत तेलंगांचे अल्पायुषी कर्तृत्व काहीसे झाकले गेले, हेही खरे.

वाङ्मयाच्या अभ्यासकाला तेलंगांचे चरित्र दोन कारणांनी महत्त्वाचे वाटावे. पहिले कारण असे, की संहितेची चिकित्सा ही केवळ पंडिती करमणूक नसून तिच्यावर माणसांची मिळकत, वारसा आणि हक्क अवलंबून असतात, हे त्यांच्या निकालपत्रांनी दाखविले. एखाद्या पाठभेदाने नाटकाचा काळ बदलतो, तसा एखाद्या वचनाच्या अन्वयाने कुटुंबातील कनिष्ठाचा दर्जाही बदलतो. दुसरे कारण त्यांच्या मर्यादेशी निगडित आहे. परंपरेतच परिवर्तनाचा आधार शोधणाऱ्या एकोणिसाव्या शतकातील विचाराचे सामर्थ्य आणि त्याचे अपुरेपण ही दोन्ही तेलंगांच्या ठायी एकत्र दिसतात. आधार सापडला तरी त्यावर पाऊल टाकण्याचे काम शिल्लक राहते, आणि ते ग्रंथ करून देत नाही. आपाजी नरहर खटल्यातील विरोधी निकालपत्र आणि १८९३ मधील तो विवाह या दोन्ही घटना एकाच माणसाच्या आयुष्यातील अवघ्या दोन वर्षांच्या अंतरावरच्या आहेत. तेलंगांचे मूल्यमापन करताना यांपैकी कोणतीही एक गाळून चालणार नाही.